एक वीत उतार

भिंत पडली ती भर दुपारी, गवंडी जेवायला बसला असताना. आधी एकदाच मोठा धप्प आवाज आला, मग बराच वेळ दगड घरंगळत राहिले. बायकोने हातातली पळी तशीच धरून त्याच्याकडे बघितलं. आवाज चर्चच्या बाजूने आला होता, आणि तिथे पडण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

पाऊस सकाळपासून कोसळत होता. अख्ख्या महिन्यात पडावा तेवढा त्या एका सकाळी पडला, आणि तोही धान्य वाळत घालायच्या दिवसांत. गवंडी डोक्यावर पोतं घेऊन पोचला तेव्हा पाळक आधीच गुडघाभर चिखलात उभे होते. चर्चच्या मागे टेकडीचा उतार, उतारावर दफनभूमी, आणि तिच्या पायथ्याशी बारा वर्षांपूर्वी गवंड्याने बांधलेली दगडी भिंत. ती मधोमध पोट फुटल्यासारखी उघडी पडली होती. मागच्या चार कबरी मातीसकट खाली सरकल्या होत्या. त्यातली एक त्याच्या वडिलांची होती.

"मिस्त्री, तुम्ही बघू नका," पाळक म्हणाले.

त्याने बघितलं. पण आधी वडिलांकडे नाही, भिंतीकडे बघितलं. तुटलेल्या कडेतला माल बोटांनी चाचपला. माल पक्का होता, सिमेंट अजून दगड सोडायला तयार नव्हतं. भिंत कच्ची म्हणून पडली नव्हती. मागच्या मातीने पाणी पिऊन पिऊन तिला ढकलून दिलं होतं. पाणी निघायला त्याने भिंतीत एकही भोक ठेवलेलं नव्हतं. भोकांतून गढूळ ओघळ येतात, दर्शनी बाजू खराब होते, असं त्या वेळी तोच म्हणाला होता. मुळांनी भिंत उकलेल म्हणून उतारावरची जुनी झाडंही त्यानेच तोडायला लावली होती.

हे त्याने कोणाला सांगितलं नाही. "पाऊसच असा पडला," एवढंच म्हणाला. ते खोटंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ आला. वडिलांची कबर सरकल्याचं कळताच निघाला होता. खांद्यावर एक पिशवी आणि पाठीवर गवताच्या ठोंबांनी भरलेलं ओलं पोतं. अकरा वर्षं तो दूरच्या डोंगरांवर चर खणायच्या आणि गवत लावायच्या कामावर होता. तिथल्या लोकांनी त्याला गवत्या नाव ठेवलं होतं, आणि ते त्याच्या आधी गावात येऊन पोचलं होतं.

दोघा भावांनी मिळून वडिलांना वर हलवलं. थोरला खाली उभा राहून एकेक हाड उचलून वर देत होता आणि धाकटा चादरीवर ठेवत होता. धाकटा रडत होता, नाक बाहीला पुसत होता. थोरल्याला रडू येत नव्हतं. वडील गेले ते त्याच्या घरात, त्याच्या हातचं पाणी पिऊन. आठ महिने त्यानेच त्यांना उचललं, धुतलं, कूस बदलून दिली. आणि शेवटच्या पंधरा दिवसांत म्हातारा दार वाजलं की एकच विचारायचा, "धाकटा आला का?" हा तोच धाकटा, ज्याची भिंत वडिलांनी एकदा लाथेने पाडली होती, कारण ती ओळंब्यात नव्हती. थोरल्याची भिंत त्यांनी कधी पाडली नाही. कधी चांगली आहे असंही म्हणाले नाहीत.

माती लोटून झाल्यावर धाकट्याने पडलेल्या भिंतीकडे बघितलं आणि पाळकांच्या देखत म्हणाला, "दादा, पाण्याला वाट नव्हती ना."

तो वाईट हेतूने म्हणाला नव्हता. थोरल्याने फावडं झटकलं आणि घरी गेला.

रविवारी उपासना झाल्यावर मंडळी बाकांवरच थांबली. आता पुढे काय करायचं, हा प्रश्न होता. गवंडी उभा राहिला. दुप्पट जाडीची भिंत, आत लोखंड, आणि या वेळी पाणी निघायला पाईप. त्याने कागदावर काढूनही आणलं होतं. कागद हातोहात फिरला.

मग धाकटा उभा राहिला. त्याच्याकडे कागद नव्हता. "भिंत शेवटी बघू," तो म्हणाला. "पाणी खाली येऊन जोर करतं, तेव्हा आपण त्याला अडवायला जातो. वरच थांबवलं तर? उतारावर आडवे चर खणायचे. पाणी त्यात उभं राहील, मुरेल. काठावर गवत. या गवताची मुळं माणसाच्या उंचीइतकी खोल जातात. मधे झाडं. तीन वर्षांत उतार स्वतःच स्वतःला धरेल."

दुकानदार मंडळीत वडीलधारा होता, आणि त्याला बोलायला लावावं लागत नसे. "आपण इथे कशासाठी आहोत? आत्म्यासाठी," तो म्हणाला. "ही पृथ्वी तर एक दिवस जाणारच आहे. झाडं लावणं सरकारचं काम. आणि पाऊसपाणी देवाच्या हातात."

पाळक वयाने लहान होते. वडीलधाऱ्यांशी बोलताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्या दिवशीही झाल्या.

"पृथ्वी जाणार म्हणून तिची काळजी नको, असं म्हटलं तर आपणही जाणारच आहोत," ते म्हणाले. "मग आजाऱ्याला औषध का देतो? माणसाला देवाने पहिलं काम दिलं ते बागेच्या राखणीचं. ते काम संपलं असं कोणी आपल्याला सांगितलेलं नाही. ही टेकडी आपली नाही, आपल्या ताब्यात दिलेली आहे. आणि पाऊस देवाच्या हातात आहे म्हणता, तर धूर कोणाच्या हातातला? आभाळ बिघडलंय, त्यात आपलाही वाटा आहे. थोडाच असेल. पण खालच्या गल्लीचा त्याहून थोडा आहे, आणि चिखल पहिल्यांदा त्यांच्या घरात गेला. शेजाऱ्यावर प्रेम करा असं मी दर रविवारी सांगतो. खालची गल्ली शेजारी नाही तर कोण?"

खालच्या गल्लीतलं पहिलंच घर शिवणवाल्या मावशींचं. विधवा बाई, एक खोली, एक मशीन. त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. सगळ्यांनी मागे वळून बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता. मी तीन दिवस चिखल उपसतेय."

हात वर झाले. चर आणि गवत ठरलं. गवंड्याचा कागद फिरत फिरत परत त्याच्याकडे आला, तेव्हा त्याच्या कोपऱ्यावर कोणाच्या तरी लहान मुलाने घोडा काढला होता.

काम सुरू झालं. गवंड्याला त्याच दिवसांत शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या गिलाव्याचं काम लागलं होतं. टाकी उंचावर. बांबूच्या परांचीवर उभं राहिलं की समोर अख्खा उतार दिसायचा. नको म्हटलं तरी दिसायचा. सकाळी उन्हं यायच्या आत धाकटा हजर असायचा. त्याच्या हातात दोन काठ्यांचं एक तिकोनं होतं, वर गाठ मारलेलं, मध्ये आडवी पट्टी आणि दोरीला लोंबणारा दगड. ते उचलून पुढे ठेवायचं, दगड पट्टीवरच्या खुणेवर थांबला की खुंटी ठोकायची, परत उचलायचं. मागून लोक कुदळी घेऊन यायचे. पहिल्या दिवशी पाच जण होते. आठवड्याने तीस झाले. पाळक स्वतः घमेली वाहत होते. दुकानदाराची सून येत होती. गवंड्याने भिंत बांधली तेव्हा बघायलासुद्धा कोणी फिरकलं नव्हतं.

थापी गुळगुळीत फिरायला हवी तिथे त्याची थापी अडखळायची. एकाच जागी तो चार चारदा हात फिरवायचा.

मग एक दिवस त्याला बायकोचं निळं लुगडं उतारावर दिसलं.

"तू कशाला गेलीस?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"गवत लावायला. सगळ्याच जातात."

"घरची कामं संपली वाटतं."

"संपली नाहीत. उरकली." ती हाताला तेल चोळत होती, तळव्यांना फोड आले होते. "भाऊजी काय छान समजावून सांगतात हो. ठोंब किती खोल लावायचा, कशाला लावायचा. कोणावर ओरडत नाहीत."

"मी ओरडतो?"

"मी तुमचं नाव घेतलं का?"

जेवण झाल्यावर तो अंगणात येऊन बसला. धाकट्याचा शर्ट दोरीवर वाळत होता. फाटलेली बाही शिवणवाल्या मावशींनी शिवून दिली होती, इतकी बारीक टीप की शिवण शोधावी लागावी. गवंड्याच्या शर्टाची काख महिनाभर उसवलेली होती. मागितलं असतं तर मावशींनी तीही शिवून दिली असती. पण मागायला लागलं असतं, हेच तर त्याला खुपत होतं.

टाकीचं काम संपलं त्या दिवशी तो घरी जाताना मुद्दाम उतारावरून गेला. दुपारची वेळ, सगळे जेवायला गेलेले. चार चर पूर्ण झाले होते. काठावर गवताचे ठोंब एका रांगेत, काहींनी नवी पाती काढलेली. माती ओली, भुसभुशीत, वास चांगला. काम नीटनेटकं होतं. ते बघून त्याच्या पोटात दुखलं.

आणि मग त्याला दिसलं. सगळ्यात खालचा चर, जो सगळ्यात लांब होता, तो सरळ नव्हता. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. पण तीस वर्षं ज्याचे डोळे आडव्या रेषेवर जगले, त्याला ते दातात अडकलेल्या काडीसारखं लागलं. चर डावीकडे उतरत होता.

तिकोनं तिथेच पडलं होतं. त्याने उचलून बघितलं. एका काठीचं टोक चिरलं होतं, धाकट्याने ते तासून परत वापरलं होतं. पट्टीवरची खूण मात्र जुनीच होती. दर वेळी तीच काठी पुढे, म्हणजे दर खेपेला तांदळाच्या दाण्याएवढा फरक. साठ खेपांना किती?

दुसऱ्या दिवशी तशाच सामसूम दुपारी तो पाण्याची नळी घेऊन आला. बांधकामावर लेवल काढायची पारदर्शक नळी. एक टोक खुंटीला बांधायचं, दुसरं पुढे न्यायचं, पाणी थांबेपर्यंत थांबायचं, खूण करायची. सहा टप्प्यांत त्याने अख्खा चर मोजला. शेवटच्या खुंटीवर अंगठा आणि करंगळी ताणून ठेवली. एक वीत.

आडव्या चरात पाणी उभं राहतं. उतरत्या चरात ते पळतं. चरभर पाणी पळत एका टोकाला जाईल, तिथला काठ फोडेल, आणि ते टोक शिवणवाल्या मावशींच्या मागच्या भिंतीच्या बरोबर वर होतं.

त्याने नळीतलं पाणी ओतून दिलं, नळी गुंडाळली. सांगायचं, असंच ठरवून तो निघाला होता, हे त्याने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. चर्चच्या पायऱ्यांवर धाकटा बसला होता. आजूबाजूला दहाबारा माणसं, मावशी किटलीतून चहा ओतत होत्या. पाळकांचा हात धाकट्याच्या खांद्यावर होता आणि ते म्हणत होते, "तुमचे वडील असते तर त्यांना अभिमान वाटला असता."

गवंडी तिथेच थांबला.

धाकट्याने त्याला बघितलं, उठून जवळ आला. "दादा, बरं झालं आलास. खालचा चर एकदा नजरेखालून घाल ना. लांब आहे, मला धाकधूक वाटते."

"मला काय कळतं तुझ्या चरांतलं."

"चर राहू दे. लेवल तर लेवलच. डोळा तुझा."

गवंड्याच्या हातात गुंडाळलेली नळी होती. तिच्यातून अजून थेंब गळत होते. धाकट्याने नळीकडे बघितलंही असेल, पण गवंड्याच्या हातात नळी असण्यात विशेष काय.

"मघाशी त्याच वाटेने आलो," गवंडी म्हणाला. "ठीक आहे."

"नक्की?"

"ठीक आहे म्हणालो ना."

धाकट्याचा चेहरा उजळला. तो परत पायऱ्यांवर जाऊन बसला आणि थोरल्याने ऐकलं, तो सगळ्यांना सांगत होता, "दादाने बघितलाय. आता काळजी नाही."

पुढचे आठ दिवस गवंडी रोज आभाळाकडे बघत होता. त्याला पाऊस नको होता आणि हवाही होता. फार मोठा नको. चराचा काठ जरा ढासळावा, थोडा चिखल व्हावा, लोकांनी एकमेकांची तोंडं बघावीत, एवढाच. असा बेताचा पाऊस तो मनात पाडत होता. बायको एकदा म्हणाली, "झोप नाही का लागत? डोळे बघा कसे झालेत." तो म्हणाला, उकडतंय. उकडत होतंच. त्या दिवसांत कधी नव्हे इतकं ऊन पडलं होतं. पत्र्याला हात लावला तर भाजत होतं.

नवव्या दिवशी दुपारी पाऊस आला. बेताचा आला नाही. एका तासात त्याने गल्लीचा ओढा केला. वरचे तीन चर भरले आणि तुडुंब उभे राहिले. खालच्यातलं पाणी पळालं. गवंडी घरातून धावत सुटला तेव्हा बायकोला वाटलं, हा भावाच्या मदतीला निघाला. तो पोचेपर्यंत डावीकडचा काठ फुटला होता. मावशींची मागची भिंत मशीनवर कोसळली होती आणि मशीनशेजारी मावशी होत्या.

दोघा भावांनी विटा उपसल्या. थोरल्याने मावशींना उचललं. त्यांचा उजवा पाय घोट्यापासून नको त्या दिशेला वळला होता. त्या ओरडत नव्हत्या, फक्त परत परत म्हणत होत्या, "कपडे लोकांचे आहेत, कपडे उचला."

दवाखान्यात पायाला प्लास्टर झालं. दुसऱ्या दिवशी गवंडी भेटायला गेला. मावशींनी त्याचा हात धरला.

"तुम्ही नसतात तर मी तिथेच गेले असते, मिस्त्री. तुमची भिंत होती तेव्हा निदान घर तरी उभं होतं. तुमच्या भावाने खड्डे खणले आणि पाणी माझ्या डोक्यावर आणून सोडलं."

हे ऐकताना त्याला बरं वाटलं. फार थोडा वेळ, पण बरं वाटलं. ते लक्षात आल्यावर त्याला बसवेना. "येतो," म्हणून तो उठला, बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं, तरी तोंडाची चव जाईना.

रविवारी मंडळी पुन्हा थांबली. दुकानदाराने आता आवाज चढवला नाही, त्याची गरज नव्हती. "चर बुजवून टाका," तो म्हणाला. "मिस्त्रींचा कागद आहे. भिंत बांधा. पृथ्वी वाचवायला निघालो आणि बाईचा पाय मोडला. देवाने एवढं स्पष्ट उत्तर दिल्यावर आणखी काय विचारायचं?"

माना हलल्या. धाकटा उभा राहिला. चार दिवसांत त्याचे गाल बसले होते.

"खालच्या चराचं मोजमाप चुकलं," तो म्हणाला. "माझं चुकलं. तिकोन्याची काठी तासली आणि खूण बदलली नाही. यात देवाचं काही नाही. वरचे तीन धरून उभे आहेत, ते बघा. पण चूक माझी."

त्याने थोरल्याचं नाव घेतलं नाही. दादाने बघितलं होतं, असं म्हणाला असता तर खोटं झालं नसतं. गवंडी वाट बघत होता की तो म्हणेल. म्हणाला असता तर गवंड्याने काहीतरी उत्तर दिलं असतं, मी वरवर बघितलं, मला तुझं काम कळत नाही, असं काहीतरी. धाकटा तसाच खाली बसला.

गवंडी उभा राहिला. लोकांना वाटलं, तो भिंतीबद्दल बोलणार. दुकानदाराने त्याला वाट करून दिली.

"मी मोजला होता तो चर," गवंडी म्हणाला. "पावसाच्या नऊ दिवस आधी. एक वीत उतार होता. याने मला विचारलं. मी ठीक आहे म्हणालो."

"तुम्हाला नीट अंदाज आला नसेल, मिस्त्री," दुकानदार म्हणाला. "ते काम वेगळं."

"नळी लावून मोजला होता. पाणी कुठे फुटेल तेही मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

गवंड्याने बाकाची पाठ धरली. पॉलिश निघून गेलेली ती जागा त्याच्या घामाने ओली झाली होती. बायको दोन रांगा पुढे, बायकांच्या बाजूला बसली होती. ती वळली नाही.

"तो चांगलं काम करत होता म्हणून," तो म्हणाला. "आणि पहिली भिंत पावसाने पडली नाही. तिच्यात मी पाण्याला वाट ठेवली नव्हती. झाडंही मीच तोडायला लावली होती."

तो बसला. शेजारचा माणूस नकळत थोडा सरकला.

मावशींना खुर्चीवर बसवून आणलं होतं, पाय समोर स्टुलावर. सगळ्यांना वाटलं त्या रडतील किंवा शिव्या देतील. त्यांनी आधी नाक शिंकरलं.

"म्हणजे माझा पाय तुम्हा भावांच्या भांडणात गेला," त्या म्हणाल्या. "निदान तोंडाने भांडला असतात तर मी ऐकून बाहेर तरी पडले असते." कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "चर बुजवू नका. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा वर झाडं होती. तेव्हा पाऊस पडायचा आणि माझ्या अंगणात फक्त पानं यायची. भिंत झाल्यावर पाणी यायला लागलं, आणि पाऊसही आता पहिल्यासारखा पडत नाही, आपटतो. तुम्ही सगळे वर राहता. तुम्ही वर जे करता ते खाली माझ्याकडे येतं. प्रार्थनासुद्धा वरच करता, बरंय, करा. पण चर सरळ करा."

पाळकांचे कान लाल झाले होते. "प्रार्थना करूया," ते म्हणाले, आणि कोणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर धाकट्याने आपलं अंथरूण उचललं आणि चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन राहिला. बायकोने ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि दुसरीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भाऊजींनी मला तुमच्याबद्दल काय सांगितलं होतं माहिती आहे? म्हणाले, वहिनी, माझ्या हातून एक भिंत सरळ झाली नाही, दादाचं काम डोळ्यांपुढे ठेवून मी चर शिकलो, की निदान जमिनीवर तरी लेवल जमावी. तुमचाच हेवा करत होते ते. तुम्हाला सांगणार होते मी. पण तुम्ही कुठे काही ऐकायच्या अवस्थेत होतात."

गवंड्याने मावशींची भिंत बांधायला घेतली. एकट्यानेच. विटा वाहिल्या, माल कालवला, भिंतीमागे पाणी बाजूला निघून जायला नाली काढली. मावशी दारात खुर्चीवर बसून बघत असायच्या. आभार त्यांनी मानले नाहीत, चहाही विचारला नाही. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "ती काख शिवायला टाका इकडे. बघवत नाही."

भिंतीवर शेवटचा थर चढत होता तेव्हा धाकटा आला. जवळ आला नाही, गल्लीतच उभा राहिला.

"उद्यापासून खालचा चर परत घेतोय," तो म्हणाला. "साठ खुंट्या नव्याने ठोकायच्या आहेत."

गवंडी थापी धुत होता. "हं."

"मी अजून रागात आहे."

"असणारच."

"माझ्याशी बोलू नकोस. फक्त लेवल दे."

तसंच झालं. एकवीस दिवस दोघं भाऊ त्या उतारावर होते. नळीचं एक टोक एकाकडे, दुसरं दुसऱ्याकडे, मध्ये पाणी. "वर." "खाली." "थांब." "ठोक." यापलीकडे शब्द नाही. बाराव्या दिवशी थोरल्याच्या पायाला काटा लागला तेव्हा धाकट्याने काटा काढला आणि म्हणाला, "चप्पल काय शोभेला घेतलीस?" पुढच्या दिवसापासून एखाददुसरं वाक्य जास्त होऊ लागलं. दुकानदाराची सून येत होतीच. मग एक दिवस दुकानदार आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, पृथ्वी जाणारच आहे असं पुन्हा म्हणाला, आणि झाडाचं एक रोप लावून गेला.

पुढच्या वर्षी पाऊस आदल्या वर्षीपेक्षाही वाईट पडला. पलीकडच्या टेकडीचा अर्धा कडा रस्त्यावर आला. चर्चमागचा उतार हलला नाही. चारही चर काठोकाठ भरून उभे राहिले, दोन दिवसांत पाणी जमिनीत उतरलं. मावशी काठी टेकत मागच्या दाराशी आल्या, अंगण बघितलं आणि आत जाऊन दुरुस्त करून आणलेली मशीन सुरू केली.

त्या रविवारी पाळक उताराबद्दल बोलले. जमीन राखणं हीदेखील उपासनाच आहे, असं म्हणाले, आणि धाकट्याला त्याच्या खऱ्या नावाने पुढे बोलावलं. त्याच्या हातांबद्दल, त्याच्या धीराबद्दल बोलले. मंडळी उभी राहिली. थोरल्याचा उल्लेख झाला नाही. कदाचित त्याला अवघडल्यासारखं होईल, असं पाळकांना वाटलं असेल.

गवंडीही उभा राहिला. छातीत ते उठलं. ओळखीचं होतं, गरम आणि आंबट. वर्षभराच्या कामाने, प्रार्थनेने ते गेलं असेल असं त्याला वाटलं होतं. गेलं नव्हतं. धाकटा परत येऊन शेजारी बसला तेव्हाही ते तिथेच होतं. धाकट्याचा चेहरा आनंदाने फुललेला होता आणि गवंड्याला तो बघवत नव्हता.

तो भावाच्या कानाकडे झुकला.

"वरून दुसरा चर," तो म्हणाला, "उजवीकडचा काठ दोन बोटं दबलाय. सकाळी येताना बघितलं. उद्याच भरायला हवा."